विचारपूस : मायेचे शब्द कसे बोलावेत

आम्ही बचत गटांचं काम बघणाऱ्या बाया. एरवी आम्ही बचत, कर्ज, शेळ्या, शिलाई, बँकेची कागदपत्रं यावर बोलतो. आज बोलण्याविषयीच बोलणार आहोत. दुसऱ्याची काळजी वाटली तर ती कोणत्या शब्दांत सांगायची, आणि दुखात असलेल्या माणसापाशी बसून काय बोलायचं, हा आजचा विषय आहे.

तुम्ही म्हणाल, हे काय शिकवायचं असतं? बाईमाणसाला बोलता येतंच की. खरं आहे. पण गटांच्या बैठकांत बसून बसून आमच्या एक गोष्ट लक्षात आली आहे. बायांचं मन मायेनं भरलेलं असतं, आणि तोंडातून निघालेला शब्द मात्र समोरच्या बाईला टोचून जातो. बोलणारीला पत्ता नसतो. ऐकणारी पदर तोंडाला लावून घरी जाते, आणि पुढच्या बैठकीला येत नाही.

आधी आपल्याकडं काय काय आहे ते बघू. शहरातली, सिनेमातली माणसं एकमेकांना तोंडावर सांगतात, 'मला तुझी काळजी वाटते.' आपल्याकडं असं कोण म्हणतं? आपण विचारतो, 'जेवलीस का?' उन्हातनं आलेल्या बाईला पाण्याचा तांब्या पुढं करून म्हणतो, 'बस की गं, जरा टेक.' लेक सासरी निघाली की 'पोचल्यावर फोन कर' म्हणतो. निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो, आणि घरातली म्हातारी उंबऱ्यापर्यंत येऊन सांगते, 'सावकाश जा.' हायवेच्या कडेला राहणाऱ्या आपल्याला त्या 'सावकाश'चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग आपण रोज बघतो.

मराठवाड्यात मोठी बाई लहान पोरीलाही 'माय' म्हणते. 'दमलीस का गं माय?' एवढं ऐकलं तरी पोरीचा निम्मा शीण जातो. या सगळ्या बोलण्यात माया आहे, फक्त माया हा शब्द त्यात नाही. बहुतेक वेळा तो एक साधा प्रश्न असतो. जेवलीस का, झोप लागली का, लेकराचा ताप उतरला का.

म्हणूनच आपल्या भाषेत या कामाला नाव आहे 'विचारपूस'. हा शब्द जरा उलगडून बघा. विचारणं आणि पुसणं. जुन्या मराठीत पुसणं म्हणजेही विचारणंच. पण आज आपण पुसणं हा शब्द आणखी एका कामाला वापरतो. फरशी पुसतो, ताट पुसतो, आणि डोळेही पुसतो. मुळात हे दोन शब्द वेगवेगळे आहेत, पण कानाला एकच लागतात, आणि आमच्या मनाला तर ते जोडूनच आवडतात. आधी विचारायचं, मग डोळे पुसायचे. न विचारता डोळे पुसायला गेलं, की समोरची तोंड फिरवते.

दुसरा शब्द 'समाचार'. दवाखान्यात असलेल्या माणसाला बघायला जातो, तेव्हा आपण म्हणतो, 'समाचार घ्यायला गेलतो.' आणि कोणाला रागावून झापलं की तेव्हाही म्हणतो, 'चांगलाच समाचार घेतला!' एकाच शब्दाचे दोन अर्थ. आणि खरं सांगायचं तर, कितीतरी वेळा आपण पहिल्या अर्थानं घरातून निघतो आणि दुसऱ्या अर्थानं बोलून येतो. बाळंतिणीच्या खाटेपाशी बसून, 'अंगावर दूध का नाही? खातच नसशील नीट.' पाय मोडलेल्या सासऱ्याला, 'या वयात झाडावर चढायची गरज काय होती?' आजाऱ्याचा समाचार घ्यायला गेलो आणि त्याचाच समाचार घेऊन आलो!

आता दोन शब्द असे घेऊ, जे एकमेकांच्या बहिणी वाटतात पण स्वभावानं वेगळ्या आहेत. कीव आणि कणव. कीव वरून खाली बघते. 'बिचारी', 'काय हे नशीब', 'आमच्या वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये', ही कीव. कीव करणारी बाई मनात म्हणत असते, बरं झालं हे माझ्या घरी नाही. कणव शेजारी येऊन बसते. तिला दुसरीचं दुखणं आपल्या पोटात जाणवतं, आणि ती विचारते, 'आता तुला काय लागंल?' कीव आली की समोरची बाई लहान होते. कणव आली की तिला टेकायला जागा मिळते. आज एवढाच फरक लक्षात ठेवला तरी आमचं बोलणं सार्थकी लागलं.

कीव कुठल्या कुठल्या शब्दांत लपून येते, ते बघू. ज्या बाईला मूलबाळ नाही तिला 'अजून काहीच नाही का?' दुसरी मुलगी झालेल्या सुनेला 'असू दे, पुढच्या वेळी बघू.' जवान लेक गेलेल्या आईला 'देवाला चांगली माणसं लवकर लागतात.' रडणाऱ्या बाईला लगेच 'रडू नको, रडू नको.' का रडू नये तिनं? तिचं रडणं आपल्याला बघवत नाही, म्हणून आपण तिला थांबवतो. आणि सगळ्यात सोपं वाटणारं वाक्य, 'त्या अमकीपेक्षा तुझं बरं आहे.' दुखणं काही धान्य नाही, पायली लावून मोजायला.

नवरा गेलेल्या बाईच्या वाट्याला तर असे शब्द सगळ्यात जास्त येतात. पांढऱ्या पायाची, पांढऱ्या कपाळाची. ते वाईट आहेत हे आता सगळ्यांना कळतं. पण 'तू कशाला पुढं येतीस, बस की मागं, दगदग नको' यात जो टोमणा लपलाय तो चटकन कळत नाही. हळदी-कुंकवाला तिला बोलवायचं नाही, आणि वर म्हणायचं की तिलाच वाईट वाटेल म्हणून नाही बोलावलं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. त्या गावच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानं बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. एका गावानं ठरवलं आणि सगळ्या महाराष्ट्राला त्याची दखल घ्यावी लागली.

शब्दाचंही असंच. एप्रिल २०२३ मध्ये विधवा या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावं असा विचार शासनात पुढं आला, तेव्हा कितीतरी महिला संघटनांनी विरोध केला. पूर्वी पत्रिकेत, पत्रावर बाईच्या नावाआधी गं.भा. लिहायचे ते आठवा. नाव पवित्र नदीचं, पण त्या दोन अक्षरांनी सगळ्यांना आधी कळायचं की हिचा नवरा नाही. सन्मानाचा शब्दसुद्धा शिक्का होऊ शकतो. आपल्या भागात काम करणाऱ्या बाया आता 'एकल महिला' म्हणतात. त्यात नवरा गेलेली येते, टाकलेली येते, लग्न न केलेलीही येते. पण आम्ही तर म्हणतो, गटात तिला कुठलाच शब्द लावू नका. तिला नाव आहे, त्या नावानं हाक मारा. ती अध्यक्ष असेल तर अध्यक्ष म्हणा.

आता थोडं मागं जाऊ. आपल्या भागानं दुःख काय असतं ते एका रात्रीत बघितलंय. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं थकून झोपलेली, आणि भूकंप झाला. लातूर जिल्ह्यात किल्लारी, आपल्याकडं सास्तूर आणि आसपासची गावं. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. हजारो माणसं गेली. आज आमच्या वयाच्या बायांना ते लहानपणीचं अंधुक आठवतं, पण आमच्या आया, सासवा अजून त्या दिवसाबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

त्या वेळी देशभरातून मदत आली, माणसं आली, सांत्वन करून गेली. त्यांचे उपकार आहेतच. पण पुढचं काम लांबचं होतं. पडलेली घरं बांधायची, तडा गेलेली मजबूत करायची, सरकारचे पैसे कसे मिळणार, लोखंड कुठं लावायचं, हे घरोघरी कोण सांगणार? तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. नाव बघा, संवाद सहायक. कागदावरची योजना घरापर्यंत नेणं आणि घरातली अडचण साहेबापर्यंत नेणं हे त्यांचं काम. ज्या बायांनी कधी साहेबासमोर तोंड उघडलं नव्हतं, त्या बोलायला लागल्या. पुढं याच कामातून गावोगावी बचत गट वाढले. आज आपण ज्या सतरंजीवर बसतो, तिचा एक धागा तिथून आलेला आहे.

२००१ मध्ये गुजरातेत, कच्छात भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बाया तिकडं गेल्या. त्यांची मराठी, तिकडच्यांची गुजराती, कच्छी. पण त्यांच्याजवळ एक गोष्ट होती जी मोठ्या विद्वानाजवळही नसते. त्यांचं स्वतःचं घर पडलेलं होतं आणि त्यांनी ते परत उभं केलं होतं. त्यांनी तिकडच्या बायांना आपला अनुभव सांगितला, घर बांधताना काय बघायचं, कोणाला काय विचारायचं ते सांगितलं. आम्हाला वाटतं, धीर देणं म्हणतात ते हेच. 'सगळं ठीक होईल' हे कोणीही म्हणतं. 'आमचंही गेलं होतं, आम्ही असं केलं, तुझ्यासंगं बसून तुलाही सांगते' हे म्हणायला जवळ यावं लागतं.

आता आजच्या दुखण्याकडं येऊ. हे बोलायला जड आहे, पण बोललं पाहिजे. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्या थांबवण्यासाठी शासनानं बळीराजा चेतना अभियान सुरू केलं, तेव्हा त्यासाठी दोनच जिल्हे निवडले. एक यवतमाळ आणि दुसरा आपला, तेव्हाचा उस्मानाबाद. त्याच सुमारास प्रेरणा प्रकल्पही आला. त्यात आशाताई घरोघर जाऊन विचारायच्या, झोप लागते का, जेवण जातं का, मन कशात लागतं का. बघा, सरकारलाही शेवटी तेच विचारावं लागलं जे आपली आजी उंबऱ्यात बसून विचारायची.

आमच्या कामातल्या एका गावची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. गटातली एक बाई तीन बैठकांना आली नाही. हप्ता थकला. बैठकीत कुजबुज सुरू झाली, 'घेताना बरं पुढं होती.' सचिवानं वहीत थकबाकी लिहिली. त्याच गटात एक वयस्कर आक्का. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विरजण मागायचं निमित्त करून त्या बाईच्या घरी गेली. हप्त्याचं नावही काढलं नाही. चुलीपाशी बसली आणि विचारलं, 'किती वाळलीस गं माय. जेवायलीस का नीट?' बाई रडायला लागली. आक्कानं रडू दिलं. मग कळलं, दोन वर्षं सोयाबीन पाण्यात गेलेलं, सावकाराचा माणूस दारात येऊन बसलेला, आणि नवरा महिनाभर रानातच झोपायचा. कोणाशी बोलायचा नाही. चार दिवसांपूर्वी म्हणाला होता, 'माझ्यामागं लेकरांचं बघ.'

आक्का शाळा शिकलेली नाही. पण हे वाक्य तिनं सोडून दिलं नाही. ती आशाताईला घेऊन आली, घरातल्या औषधाचे डबे शेजारच्या घरी हलवले, दिराला बोलावलं. त्या माणसाला एकटं सोडलं नाही. दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या. आज तो माणूस आहे. कर्ज अजून फिटलेलं नाही, पण माणूस आहे. आणि हे सगळं 'जेवायलीस का' या एका प्रश्नातून सुरू झालं.

म्हणून मैत्रिणींनो, काही वाक्यं कानाला नीट ओळखता आली पाहिजेत. 'आता काय राहिलंय', 'माझा सगळ्यांना तरास होतोय', 'माझ्यामागं बघा', 'सुटलो एकदाचा की बरं'. असं कोणी बोललं तर 'असलं अभद्र बोलू नये' म्हणून तोंड बंद करू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, 'जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतंय का?' असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं होत नाही, डॉक्टर हे सांगतात. उलट विचारणारं कोणीतरी आहे म्हणून माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं लांब ठेवा, आणि मदत घ्या.

मदतीचा नंबर लिहून घ्या. टेलिमानस, १४४१६. पुन्हा सांगतो, एक, चार, चार, एक, सहा. ही सरकारची मनाच्या आजारासाठीची सेवा आहे, फोनला पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८. घरात मारहाण असेल तर महिलांसाठी १८१. हे तीन नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणखी एक. ही विचारपूस आपण बायाबायांतच करतो. घरातल्या बाप्यांना कोण विचारतं? 'माणसानं रडायचं नसतं' हे आपणच पोराला लहानपणी शिकवतो. सात-आठ वर्षांचं पोर पडलं, गुडघा फुटला, की 'पोरीसारखं काय रडतोस' म्हणतो. तेच पोर मोठं झाल्यावर कर्जाचं ओझं एकटं वाहतं. त्याला विचारायची सवय घरातूनच लागली पाहिजे. 'आज बाजारात काय भाव निघाला?' याच्यासोबत एकदा 'तुम्हाला झोप लागली का?' हेही विचारा. तो आधी खेकसेल. दुसऱ्या वेळी उत्तर देईल.

आता गटाचं बघू. पंचसूत्रीत वेळेवर परतफेड आहे, आणि ती असलीच पाहिजे. मायेचं बोलायचं म्हणजे कर्ज सोडून द्यायचं असं नाही. पैसा सगळ्यांचा आहे. पण विचारायची पद्धत आपल्या हातात आहे. आम्ही चार गोष्टी सुचवतो.

एक. हप्ता थकला तर भरबैठकीत विचारायच्या आधी दोघींनी तिच्या घरी जावं. तीन बैठका चुकायची वाट बघू नका, एक चुकली की जा.

दोन. पहिला प्रश्न पैशाचा नको. 'घरी सगळं बरं आहे का?' हा पहिला. हप्ता नंतर.

तीन. अडचण खरी असेल तर मार्ग बैठकीत काढा. काही दिवस फक्त व्याज घेता येतं, हप्ते लहान करता येतात. उमेदच्या ग्रामसंघाकडं जोखमीसाठीचा निधी असतो, आपण ज्याला व्हीआरएफ म्हणतो. आजारपण, मयत, घरात धान्य नसणं, अशाच वेळेसाठी तो आहे. तो मागायला त्या बाईला लाज वाटते, तेव्हा तिच्या वतीनं गटानं ठराव करावा.

चार. तिनं घरातलं जे सांगितलं ते पाणवठ्यावर नेऊ नका. विश्वासानं सांगितलेली गोष्ट बाहेर फुटली, की ती बाई पुन्हा कधी कोणाला सांगत नाही. तिचं बघून दुसऱ्या दहाजणीही गप्प होतात.

मयत झालेल्या घराविषयी एक सांगायचं राहिलं. आपल्याकडं रीत चांगली आहे. त्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारच्या बाया भाकरी-पिठलं घेऊन जातात. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. पण चौदाव्या दिवशी कोण असतं? खरं एकटेपण तिथून सुरू होतं. आता तर फोनच्या ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकलं, भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं, की काम झालं असं वाटतं. त्या बाईकडं महिन्यानं जा, दोन महिन्यांनी जा. काय बोलावं सुचत नसेल तर बोलू नका. शेंगा फोडत बसली असेल तर आपणही चार शेंगा फोडा. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. 'त्यांना तुझ्या हातची आमटी आवडायची ना' एवढं म्हटलं तरी तिला बरं वाटतं, की आपल्याशिवाय आणखी कोणाला तरी तो आठवतो.

आणि 'काही लागलं तर सांग' हे वाक्य जरा कमी करा. मन चांगलं असतं, पण मागायची पाळी त्या बाईवर येते, आणि अडलेल्या बाईला मागवत नाही. त्यापेक्षा म्हणा, 'उद्या सकाळी तुझ्या लेकराचा डबा मी करते.' 'गुरुवारी दवाखान्यात मी संगं येते.' 'पेरणीला आमचे दोन माणसं येतील.' दिवस सांगा, काम सांगा, आणि त्या दिवशी जा. काम करणारा शब्द लक्षात राहतो.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. हजेरी घेताना नाव पुकारल्यावर नुसतं 'हजर' म्हणण्याऐवजी प्रत्येकीनं एक वाक्य सांगायचं, या आठवड्यात घरी कसं आहे. बरं असेल तर बरं. नसेल तर नाही. कोणी सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं. दहा-बारा जणींना फार तर दहा मिनिटं लागतील. कोणत्या घरी जायला पाहिजे ते तुमचं तुम्हालाच कळेल. बैठक संपली की त्या घरी जा.

पुढच्या वेळी आपण गटाच्या वह्या कशा तपासायच्या यावर बोलू. तोपर्यंत एकमेकींची विचारपूस करत राहा. येतो आम्ही. नमस्कार.